मुक्काम कायमचा, पण कागद कुणाच्या नावाचा?

२०२४ च्या जूनमधली गोष्ट. शाळा नुकतीच उघडली होती. मी राहते डोंबिवलीला आणि आठवड्यातून चार दिवस उल्हासनगरच्या एका शाळेत पाचवी-सहावीला मराठी शिकवते. अर्धवेळ नोकरी म्हणजे पगार अर्धा आणि फॉर्म तपासायचं काम मात्र पुरतं! त्या दिवशीही विद्यार्थ्यांच्या माहितीच्या फॉर्मांचा गठ्ठा पुढ्यात होता. एका मुलाचा फॉर्म सुवाच्य अक्षरात भरलेला. वडिलांचं नाव, धंदा, पत्ता, सगळं व्यवस्थित. फक्त ‘आईचे राष्ट्रीयत्व’ हा रकाना कोरा. विसरल्या असतील, असं म्हणून मी लाल पेनने त्याभोवती गोल केला आणि फॉर्म घरी परत पाठवला.

दुसऱ्या दिवशी आई स्वतः आली. तिशी-पस्तिशीची, अंगावर साधा पंजाबी ड्रेस, हातात प्लॅस्टिकची मोठी फाईल. इतर पालक जाईपर्यंत दाराशी थांबून राहिली. मग हलक्या आवाजात हिंदीत म्हणाली, “टीचर, मी काय लिहू सांगा. खरं लिहिलं तर वर्गात पोराला कुणी काही बोलेल. खोटं लिहिलं तर उद्या माझ्याच अंगाशी येईल.”

मी विचारलं, “खरं काय आहे?”

“मी पाकिस्तानी आहे,” ती म्हणाली. “बारा वर्षांपूर्वी सक्करहून लग्न होऊन इथे आले. नवरा भारतीय, मुलगा भारतीय. घरात मी एकटीच परदेशी.”

तिच्यापुढे माझा तो लाल गोल मला फार खुपला. फॉर्म ठेवून घेतला आणि तिला म्हटलं, “बसा, चहा घेऊ या.”

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये वेगळाच विषय रंगला होता. आमच्या एका ज्येष्ठ शिक्षिकेचा मुलगा अमेरिकेत. त्याच्या ग्रीन कार्डाचा नंबर कधी लागणार, याची चर्चा चालली होती. आमच्या डोंबिवलीत तर फडके रोडला भाजी घेतानाही हे शब्द कानावर पडतात. कुणाची सून एच-फोरवर, कुणाची लेक कॅनडात ‘पीआर’च्या पॉइंटांची बेरीज करतेय. परदेशात कायम राहायचा हक्क मिळवणं म्हणजे काय, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. पण त्याच लोकल लाइनवर, कल्याणच्या पुढच्या दोन स्टेशनांत, आपल्याच देशात कायम राहता यावं म्हणून वर्षानुवर्षं वाट बघणाऱ्या बायका आहेत, हे मला तोवर खरंच माहीत नव्हतं.

कॅम्पातलं गाव

उल्हासनगरचा इतिहास आपण येता-जाता गाडीच्या खिडकीतून बघतो, पण वाचत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना त्या रिकाम्या बराकींत जागा देण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी इथे नव्या गावाची कोनशिला बसवली आणि उल्हास नदीवरून गावाचं नाव उल्हासनगर झालं. लोकांच्या तोंडी मात्र अजून कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर पाच हेच पत्ते आहेत. छावणी जाऊन पाऊणशे वर्षं झाली, ‘कॅम्प’ काही गेला नाही.

त्या वेळी आलेल्यांचा प्रश्न राज्यघटनेनेच सोडवला. १९ जुलै १९४८ पूर्वी आलेले आणि इथेच राहिलेले लोक नागरिक मानले गेले. त्यानंतर येणाऱ्यांना सहा महिने राहून, अर्ज करून, नाव नोंदवावं लागलं. पण सिंधमधून येणं काही १९५० साली थांबलं नाही. मागे राहिलेल्या घरांतून नंतरही माणसं येत राहिली. कुणी कुटुंबासकट आलं, कुणी लेकीचं लग्न इथल्या नात्यात करून दिलं. या मंडळींना मात्र घटनेतला तो सोपा दरवाजा नव्हता. त्यांना जावं लागलं १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या वाटेने.

आपल्याकडे ‘ग्रीन कार्ड’ असतं का?

मी तिला अगदी भोळेपणाने विचारलं होतं, “मग तुम्ही आपल्याकडचं ग्रीन कार्ड का नाही काढलंत?” ती हसली. तेव्हा मला कळलं, की अमेरिकेत असतं तसं सर्वसाधारण परदेशी माणसासाठी कायम वास्तव्याचं कार्ड आपल्या देशात नाहीच. २०१६ साली एक योजना आली, पण ती मोठ्या गुंतवणूकदारांसाठी. दीड वर्षात दहा कोटी किंवा तीन वर्षांत पंचवीस कोटी रुपये गुंतवायचे आणि दर वर्षी निदान वीस भारतीयांना काम द्यायचं, मग दहा वर्षांच्या वास्तव्याचा परवाना. कॅम्पातल्या बिऱ्हाडाला त्याचा काय उपयोग!

आपल्या सामान्य माणसाच्या भाषेत सांगायचं, तर आपल्याकडे तीन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी साध्या व्हिसाची. पाकिस्तानातून येणाऱ्याच्या व्हिसावर मुदतच नव्हे, तर गावाचं नावही असतं. ज्या गावाचा व्हिसा, त्याच गावात राहायचं. शिवाय पोलिसांकडे नोंदणी करायची. उल्हासनगर, कल्याण, डोंबिवली हा सगळा भाग ठाणे पोलीस आयुक्तालयाखाली येतो.

दुसरी पायरी दीर्घ मुदतीच्या व्हिसाची. याला सगळे ‘एलटीव्ही’ म्हणतात. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातल्या अल्पसंख्य समाजाच्या लोकांना तो मिळू शकतो. भारतीय माणसाशी लग्न करून इथे राहणाऱ्या तिकडच्या स्त्रियांनाही मिळू शकतो. आणखी एक तरतूद मुद्दाम सांगण्यासारखी. मूळची इथली, लग्न होऊन पाकिस्तानात गेलेली आणि तिथलं नागरिकत्व घेतलेली स्त्री विधवा झाली किंवा तिचा घटस्फोट झाला आणि तिकडे आधाराला कुणी पुरुष माणूस उरला नाही, तर तिलाही हा व्हिसा मागता येतो. तिन्ही देशांतल्या अल्पसंख्य समाजाच्या एलटीव्हीधारकांना २०१६ पासून बँकेत खातं, पॅन, आधार, वाहन परवाना, स्वतःपुरतं राहतं घर या गोष्टींची सोय झाली. तोवर साधं बचत खातं उघडणंही जिकिरीचं होतं.

तिसरी पायरी नागरिकत्वाची. इथे दिवसांचा हिशेब लागतो. भारतीय नागरिकाशी लग्न झालेल्या परदेशी व्यक्तीला सात वर्षांच्या वास्तव्यानंतर अर्ज करता येतो. आपण किंवा आपले आईवडील अखंड भारतात जन्मलेले असतील, तर मूळ भारतीय वंशाची व्यक्ती म्हणूनही सात वर्षांनी अर्ज करता येतो. सात वर्षं म्हणजे कशी? अर्जाच्या लगत आधीचे बारा महिने सलग आणि त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून सहा वर्षं. ज्यांचं असं कुठलंच नातं नाही, त्यांना बारा महिने अधिक त्याआधीच्या चौदा वर्षांत अकरा वर्षं काढावी लागतात.

२०१९ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांसाठी अकराऐवजी पाच वर्षं पुरेशी झाली. यात मुसलमानांचा समावेश नाही, म्हणून देशभर मोठा वाद झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयातही गेलं. नियम निघायला मात्र ११ मार्च २०२४ उजाडला. या वाटेने आलेले अर्ज तपासणाऱ्या जिल्हा समितीचे प्रमुख टपाल खात्याचे अधीक्षक असतात, हे ऐकून मला गंमत वाटली. आपली मनिऑर्डर सांभाळणारं खातं आता नागरिकत्वाचे कागदही तपासतं!

जिची गोष्ट मी सांगतेय, तिची फाईल मात्र आधीपासून जुन्या वाटेवर होती, नवऱ्याच्या नात्याने. या जुन्या वाटेच्या काही अर्जांसाठी २०१६ च्या डिसेंबरात केंद्राने निवडक जिल्ह्यांच्या कलेक्टरांना अधिकार दिले, त्यांत ठाणेही होतं. त्याआधी अशा अर्जांवर शेवटचा हात दिल्लीत फिरायचा. ते अंतर त्यामुळे निदान लोकलच्या टप्प्यात आलं.

हिशेब दिवसांचा, पण किंमत कशाची?

सात वर्षं म्हणायला सोपं. तिचं लग्न झालं २०१२ साली. तेव्हा ती थार एक्स्प्रेसने आली. सिंधमधल्या खोखरापारहून राजस्थानातल्या मुनाबावला येऊन जोधपूर गाठायचं. २००६ साली सुरू झालेली ही गाडी म्हणजे सिंधच्या लेकींची माहेरची गाडी. जाताना सासरचा पापड-मसाला आणि येताना आईच्या हातचं लोणचं.

२०१८ च्या हिवाळ्यात तिचे वडील आजारी पडले. सात वर्षं पुरी व्हायला थोडेच महिने उरले होते. जायचं, तर परत येण्याची परवानगी आधी घ्यायची. ती वेळेवर मिळेल की नाही, ठाऊक नाही. आणि गेलंच, तर शेवटच्या सलग बारा महिन्यांचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून. घरात दोन रात्री खल झाला. सासू म्हणाली, “जा.” नवरा म्हणाला, “तू ठरव.” तिने चार वर्षांच्या मुलाकडे बघितलं आणि गेली नाही. वडील गेले. अंत्ययात्रा तिने भावाच्या फोनवर बघितली. पुढे २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती गाडीही बंद झाली.

“टीचर, लोक विचारतात, फी किती पडली?” ती मला म्हणाली. “फी तर थोडीच असते.”

आपण बायका माहेरपणाला जाताना परतीचं तिकीट काढतो. परत येऊ दिलं जाईल का, हा प्रश्न आपल्या मनातही येत नाही.

एका नावाने केलेला घोटाळा

एवढं करून २०१९ साली तिने अर्ज केला आणि काही महिन्यांनी तो त्रुटी काढून परत आला. कारण ऐकून मला हसावं की रडावं ते कळेना. कारण होतं तिचं नाव!

सिंधी घरांतही लग्नात सुनेचं नाव बदलायची रीत आहे. आपल्याकडे तांदळाच्या ताटात अंगठीने नाव लिहितात, तसंच. तिचंही नवं नाव ठेवलं गेलं आणि हौसेने लग्नाच्या दाखल्यावर तेच घातलं गेलं. पासपोर्ट माहेरच्या नावाचा, व्हिसा पासपोर्टच्या नावाचा, लग्नाचा दाखला सासरच्या नावाचा. मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव तिसऱ्याच स्पेलिंगने. म्हणजे कागदांच्या हिशेबी पाकिस्तानातून आलेली बाई एक, लग्न झालेली बाई दुसरी आणि मुलाची आई तिसरी!

मग दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र. मग दाखल्यात दुरुस्ती. तोवर करोना आला आणि कचेऱ्या बंद. तोवर पासपोर्टची मुदत संपली, तो दिल्लीतल्या पाकिस्तानी वकिलातीतून नवा करून घ्यायचा. एका कार्यालयात तर तिला तीन वेळा परत पाठवलं. दर वेळी कागद एकच कमी, पण दर वेळी वेगळा. पूर्ण फाईल पुन्हा दाखल व्हायला २०२२ साल उजाडलं. वडिलांच्या अंत्यदर्शनाची किंमत देऊन वाचवलेले महिने नावाच्या घोळात पाण्यासारखे वाहून गेले.

मला माझीच गोष्ट आठवली. माझी बी.ए.ची पदवी माहेरच्या नावाची, रेशनकार्ड सासरच्या. शाळेत नेमणूक झाली तेव्हा दोन महिने पगार अडला होता आणि मी केवढी चिडचिड केली होती! माझ्या बाबतीत दोन महिन्यांचा पगार अडला. तिच्या बाबतीत देश अडला.

आईचा व्हिसा, बाळाचा देश

तिच्या फाईलमुळे मी कायद्याची ओळख करून घेतली, तेव्हा एक गोष्ट वाचून दचकले. प्रत्येक बाईला ती ठाऊक असायला हवी.

आपल्याला वाटतं, भारतात जन्मलेलं मूल भारतीय. १ जुलै १९८७ पूर्वी जन्मलेल्यांच्या बाबतीत ते जवळपास खरं होतं. त्यानंतर जन्मलेल्यांसाठी आईवडिलांपैकी निदान एक जण भारतीय असण्याची अट आली. आणि ३ डिसेंबर २००४ पासून नियम आणखी कडक झाला. दोघंही भारतीय असावेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा राहणारा नसावा. मुदत संपलेल्या व्हिसावर राहणाराही कायद्याने बेकायदाच ठरतो. म्हणजे वडील भारतीय, जन्म इथल्याच दवाखान्यातला, पण त्या दिवशी आईचा व्हिसा संपलेला असला, तर बाळाच्या नागरिकत्वावर प्रश्नचिन्ह लागतं!

तिची सासू शाळा न शिकलेली, पण मोठी धोरणी. सुनेला सातवा महिना लागला, तेव्हा डोहाळजेवणाच्या आधी तिने मुलाला व्हिसाची तारीख बघायला लावली. म्हणाली, “ओटीत नारळ नंतर, आधी शिक्का.” मुलाच्या जन्माच्या दिवशी तिचा व्हिसा चालू होता, म्हणून माझ्या वर्गातला तो मुलगा निर्धास्त भारतीय आहे.

आणखी एक जुनी गोष्ट. परदेशात जन्मलेल्या मुलाला १९९२ पर्यंत फक्त वडिलांमुळे भारतीय नागरिकत्व मिळायचं. आई भारतीय असून उपयोग नसे. १० डिसेंबर १९९२ पासून आईचं नातंही कायद्याने धरलं. जन्म आईने द्यायचा आणि देश वडिलांनी, ही रीत मोडायला घटना लागू झाल्यावर बेचाळीस वर्षं लागली.

एप्रिल २०२५ ची ती आठ रात्री

आमची ओळख होऊन वर्ष होत आलं होतं. मधल्या काळात ती माझ्याकडे मराठी शिकायला येऊ लागली होती. कुणीतरी तिला सांगितलं होतं, की नागरिकत्वासाठी भाषेची परीक्षा असते. खरं म्हणजे ज्या वाटेवर भाषेची अट आहे, तिथेही घटनेच्या आठव्या परिशिष्टातली कुठलीही एक भाषा चालते, आणि सिंधी त्यात १९६७ पासून आहे. तिच्या अर्जाला तर ती अटही नव्हती. मी हे सांगितलं, तरी ती येत राहिली. म्हणाली, “कायद्याला नको असेल, भाजीवालीला हवी आहे.”

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला हल्ला झाला. पाठोपाठ पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द झाल्याची घोषणा झाली आणि अटारीची सीमा बंद झाली. टीव्हीवर सीमेकडे निघालेली कुटुंबं दिसत होती. आई एका देशाची, मुलं दुसऱ्या देशाची, अशीही. हिंदू पाकिस्तानी नागरिकांचे एलटीव्ही कायम राहतील, असा खुलासा सरकारने लगेच केला होता. पण बातमी आणि भीती यांत भीतीच आधी घरात शिरते. तिने आठ रात्री फाईल उशाशी ठेवली. मुलगा झोपेतून उठून आई आहे ना, हे बघून जायचा. वर्गात तो निबंधाच्या तासाला नुसता बसून राहिला. मी विचारलं नाही. काय विचारणार?

अखेर २०२५ च्या दिवाळीआधी तिला बोलावणं आलं. पाकिस्तानचं नागरिकत्व सोडल्याचा दाखला तिने आधीच आणून दिला होता. आपल्या कायद्यात दोन देशांचं नागरिकत्व चालत नाही. राज्यघटनेशी निष्ठेची शपथ झाली, प्रमाणपत्र हातात पडलं. दुसऱ्या दिवशी ती शेवेची बर्फी घेऊन शाळेत आली. मी अभिनंदन केलं, तर म्हणाली, “टीचर, आधी तो फॉर्म काढा.” मी कपाटातून काढला. कोऱ्या रकान्यात तिने मराठीत, सावकाश, शिरोरेषा देऊन लिहिलं, ‘भारतीय’. वेलांटी बरोबर होती.

आणि तिकडे गेलेल्या आपल्या लेकी?

ही गोष्ट मी आमच्या नणंदबाईंना सांगितली, तर त्या म्हणाल्या, “अगं, आमचं तरी काय वेगळं आहे!” त्यांचा मुलगा अमेरिकेचा नागरिक. एकवीस वर्षांवरच्या नागरिकाला आईवडिलांसाठी ग्रीन कार्ड मागता येतं आणि त्यासाठी संख्येची मर्यादा नाही. नणंदबाईंनी हौसेने कार्ड घेतलं आणि डोंबिवलीला परत येऊन नातवंडांच्या सुट्टीची वाट बघत बसल्या. पुढच्या खेपेला विमानतळावर त्यांची चौकशी झाली. कारण हे कार्ड तिथे राहणाऱ्यांसाठी असतं, येऊन-जाऊन राहणाऱ्यांसाठी नव्हे. सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं, तर प्रश्न विचारतात. वर्षावर राहायचं असेल, तर निघण्यापूर्वी तिथूनच पुन्हा प्रवेशाच्या परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. शिवाय कार्ड असलेल्याला जगभरातलं उत्पन्न तिकडच्या कर खात्याला दाखवावं लागतं. डोंबिवलीच्या बँकेतल्या मुदत ठेवीचं व्याजसुद्धा! पासष्टी उलटली, तरी सरकारी आरोग्य विम्यात पैसे भरून शिरायला आधी पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. नुसतं भेटायला जायचं असेल, तर पर्यटक व्हिसाच बरा, हा नणंदबाईंचा अनुभवाचा सल्ला.

लेकींची गोष्ट याहून नाजूक. नवरा नोकरीच्या व्हिसावर असेल, तर बायको एच-फोरवर, म्हणजे त्याच्या व्हिसाला बांधलेली. एका देशाच्या वाट्याला वर्षाला सात टक्क्यांच्या आसपासच कार्डं, त्यामुळे भारतीयांची रांग फार लांब. तोवर मूल एकवीस वर्षांचं झालं, तर आईवडिलांच्या अर्जातून त्याचं नाव गळू शकतं. तिथल्या नागरिकाशी लग्न होऊन दोन वर्षं झालेली नसतील, तर कार्ड मिळतं तेही दोन वर्षांच्या अटीचं. ती अट काढायचा अर्ज साधारणपणे नवराबायकोने मिळून करायचा असतो. मात्र नवरा नागरिक किंवा कार्डधारक असून छळ करत असेल, तर १९९४ च्या तिथल्या कायद्याने पत्नीला त्याच्या सहीशिवाय स्वतःचा अर्ज करता येतो. ही माहिती लेकीला लग्नाच्या रुखवताबरोबर द्यावी, असं मला अगदी मनापासून वाटतं.

उलट, तिकडच्या नागरिक झालेल्या मुला-नातवंडांसाठी आपल्याकडे २००५ पासून ‘ओसीआय’ कार्ड आहे. जन्मभराचा व्हिसा, पोलिसांकडे नोंदणीची कटकट नाही. पण मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. परदेशी सुनेला हे कार्ड हवं असेल, तर लग्नाची नोंदणी होऊन दोन वर्षं टिकलेलं हवं. न्यायालयात घटस्फोट झाला, तर लग्नामुळे मिळालेलं हे कार्ड रद्द होऊ शकतं. पाकिस्तान किंवा बांगलादेशाचं नागरिकत्व असलेल्यांना ते मिळतच नाही.

घरातली फाईल

मसाल्याचा डबा जसा हाताशी असतो, तशी प्रत्येक बाईची स्वतःची फाईल हाताशी असावी. सिंधहून आलेल्या माझ्या मैत्रिणीकडून मी शिकले, ते असं:

लग्नाची नोंदणी लगेच करा. लग्नपत्रिका आणि अल्बम पुरावा म्हणून पुरत नाहीत.

पासपोर्टवर जे नाव आहे, तेच लग्नाच्या दाखल्यावर आणि मुलांच्या जन्मदाखल्यावर अक्षर न् अक्षर घाला. हौसेचं नाव उखाण्यात घ्या, दाखल्यात नको.

व्हिसा आणि पासपोर्ट संपण्याच्या तारखा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सहा महिने आधीच्या पानावर लिहून ठेवा. गॅस सिलिंडरची तारीख लिहितो, तशी.

देशाबाहेर गेलेला प्रत्येक दिवस वहीत टिपा. जाण्याची तारीख, येण्याची तारीख. पुढे सगळा हिशेब त्यावरच ठरतो.

मूळ कागद स्वतःजवळ, झेरॉक्सचे दोन संच वेगळ्या जागी. मूळ पासपोर्ट नवऱ्याच्या कपाटात किंवा एजंटच्या ड्रॉवरमध्ये नको.

कचेरीत कागद दिला, की पोच घ्या. पोचेवर तारीख बघा.

परदेशी नागरिकांबाबतचे जुने कायदे जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू झाला आहे. तेव्हा शेजारणीच्या दहा वर्षांपूर्वीच्या अनुभवावर विसंबू नका. सरकारी संकेतस्थळावर किंवा वकिलाकडे खात्री करून घ्या.

बर्फी खाऊन झाल्यावर त्या दिवशी मी तिला विचारलं होतं, “आता पहिलं काय करणार?” मला वाटलं, मतदार यादीत नाव घालणार म्हणेल, नाहीतर तिरुपतीला जाऊ म्हणेल. ती म्हणाली, “भारताचा पासपोर्ट काढणार. आणि कधी सीमा उघडली, व्हिसा मिळाला, तर आईला भेटून येणार. आता परत यायला कुणाची परवानगी नको ना?”

तिला आता पाकिस्तानचा व्हिसा लागेल. आईच्या घरी ती परदेशी म्हणून जाईल. हे तिलाही ठाऊक होतं. मी नुसतं “हो, आता परवानगी नको” म्हटलं.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी दिवाणाखालची ट्रंक ओढली आणि माझे स्वतःचे कागद पलंगावर मांडले. आमचे हे विचारू लागले, “कुठे निघालीस?” म्हटलं, “कुठेही नाही. इथेच आहे. पण कागदावर आहे की नाही, तेवढं बघतेय.” बघितलं तर घराच्या करारनाम्यावर माझं नाव नव्हतं आणि बँकेत ते दोन तऱ्हांनी लिहिलेलं होतं. मैत्रिणींनो, येत्या रविवारी दुपारची झोप बाजूला ठेवा आणि तुमचीही ट्रंक ओढा.